ओहोटीनंतर पावणेदोन तासांनी

प्रिय वेंडल,

बाबांबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, असं तू नाताळच्या कार्डावर बजावलं होतंस. बरं, नाही लिहीत. हे पत्र इंटरनेटबद्दल आहे. हसू नकोस. सात वर्षं बेटाला छळणारं भूत मला सापडलंय, मी, तुझ्या धाकट्या बहिणीने शोधून काढलंय, आणि ते धुकं नाही! गेले पाच दिवस मी जमिनीवर चालतच नाहीये. काल दुकानात ब्रेड आणायला गेले तर तिथल्या बाईलाही आख्खी गोष्ट सांगून आले. ती म्हणाली, "बाई गं, ब्रेड कापून हवाय की नको, तेवढंच सांग."

तुला आठवत असेल, पलीकडच्या टेकडीवरच्या मनोऱ्यावरून सिग्नल निघतो, चौदा किलोमीटर पाणी ओलांडून आपल्या दीपगृहाजवळच्या खांबावरच्या डिशमध्ये येतो आणि तिथून सगळ्या घरांत वाटला जातो. मधेच तो असा विरतो की वीस-पंचवीस मिनिटं बेटावर काहीच चालत नाही. नर्सबाई पलीकडच्या डॉक्टरांना जखम दाखवत असतात आणि पडद्यावर डॉक्टर तोंड उघडं ठेवून गोठतात. पश्चिमेकडच्या आपल्या घरांना तर मोबाइलची रेंजही नाही, म्हणजे फोनसुद्धा त्याच वाटेने. मी पदवी घेऊन परत आले आणि बेटाचं इंटरनेट चालवणाऱ्या सहकारी संस्थेत रुजू झाले तेव्हा तिथलं ऑफिस सांभाळणाऱ्या ग्लेनिसने पहिल्याच दिवशी तक्रारींची वही माझ्यापुढे टाकली. "धुकं," ती म्हणाली. "फंडीच्या उपसागरात राहायचं तर धुक्याशी भांडायचं नाही." मी वही वाचली. निम्म्याहून अधिक तक्रारी लख्ख उन्हाच्या दिवशीच्या होत्या!

पलीकडून तंत्रज्ञ यायचा. त्याने यंत्र बदललं, तारा बदलल्या, जोडण्यांवर नवी चिकटपट्टी गुंडाळली, दोनदा खांबाची उंची वाढवली. प्रत्येक वेळी तो आला की सगळं उत्तम चालायचं आणि तो गेल्यावर आठवड्याने पुन्हा तेच. ग्लेनिस म्हणायची, "त्याला बघून सिग्नल घाबरतो." मी तीन महिने तक्रारींच्या वेळा मांडत बसले. कधी सकाळी आठ, दुसऱ्या दिवशी पावणेनऊ, मग साडेनऊ, मग आठवडाभर काहीच नाही. कागदावर नुसते ठिपके. खोटं कशाला सांगू, एका दुपारी मी रडले. फ्रीजरच्या वर माझं पदवीचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे (कोणी टांगलंय ते मी लिहिणार नाही), त्याच्याकडे बघवेना.

उत्तर दिलं आत्याने, तेही टोमणा मारून. तू गेल्यापासून आत्या रोज सकाळी नोव्हा स्कोशियातल्या एका म्हातारीबरोबर नेटवर पत्ते खेळते. डाव रंगात आला की नेट जातं. त्या दिवशीही गेलं, आणि त्याच क्षणी दारात ओले बूट वाजले. आत्या पत्त्यांवरून नजर न काढता ओरडली, "आला बघ! ऑर्विल दारातून आत, इंटरनेट खिडकीतून बाहेर! नेहमीचंच आहे याचं." (बाबांचं नाव आत्याने घेतलं, मी नाही.) मी हातातला कप तसाच धरून उभी राहिले. वेंडल, नेहमीचंच! दारातून आत येणारा माणूस घड्याळाने येत नाही. तो उधाणाच्या दिवसांत, पाणी खूप मागे हटलं की होडी घेऊन खडकांवरचं डल्सचं तांबडं, खायचं शेवाळ खुडायला जातो, पाणी चढू लागलं की पोती भरून परत येतो. मी सात वर्षांच्या तक्रारी घड्याळाला विचारत होते. भरती-ओहोटीचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारामागे लटकत होता, जन्मापासून!

मी तक्ता काढला, ठिपके पुन्हा मांडले, आणि ते शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले. ओहोटीच्या तळाच्या साधारण पावणेदोन तास आधी आणि पावणेदोन तास नंतर. भांगाच्या आठवड्यात, भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, पाणी तेवढं खाली जातच नाही, म्हणून तेव्हा काही बिघडत नाही. आणि आपला तंत्रज्ञ? उधाणात तक्रार गेली की त्याला यायला आठवडा लागायचा, म्हणजे तो बिचारा दर वेळी भांगातच यायचा! ग्लेनिस हे ऐकून एवढी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

कारण अगदी सोपं आहे. डिशवर सिग्नल दोन वाटांनी येतो, एक सरळ हवेतून आणि एक पाण्यावर आपटून. पाण्याची पातळी ठरावीक ठिकाणी आली की दोघं एकमेकांच्या अगदी उलटे पडतात आणि एकमेकांना पुसून टाकतात. दोघंही धडधाकट असतात, तरी पोचत काहीच नाही. आता यावर उपाय काय, ते मला सुचेना. दुसरी डिश लावायला संस्थेकडे पैसे नव्हते. मी हे सगळं जेवताना बडबडत होते, तेव्हा एक जण (नाव लिहीत नाही) बटाटा कुस्करत म्हणाले, "सकाळी पाण्यावरची तिरीप डोळ्यांत घुसते, तेव्हा मी दीपगृहाखालच्या कातळाआड बसतो. झगमग दिसत नाही आणि पलीकडची टेकडी मात्र स्वच्छ दिसते." एवढं बोलून त्यांनी मीठ मागितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या कातळाआड जाऊन बसलो. खरंच! टेकडी दिसत होती, मधलं पाणी नाही, म्हणजे पाण्यावर आपटून येणारा सिग्नलही कातळालाच अडणार. मी डिश खांबावरून उतरवून तिथे खाली बसवायची म्हटलं तेव्हा धक्क्यावरच्या माणसांना आठवडाभर करमणूक झाली. "चार वर्षं शिकलीस ती डिश खाली आणायला? आता समुद्रात बुडव म्हणजे आणखी छान चालेल!" मी बसवली. होडीतून सामान कोणी आणलं, बोल्ट कोणी आवळले, ते विचारू नकोस. मग उधाण आलं. पहिल्या सकाळी ओहोटीनंतर पावणेदोन तासांनी अर्धं बेट माझ्या खोलीत, पडद्यावरच्या रेषेकडे डोळे लावून. रेषा हलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी आत्या पहिल्यांदाच पूर्ण डाव खेळली आणि हरली. आता ती म्हणते, नेट जायचं तेच बरं होतं.

इथेच थांबले असते तर हे पत्र फक्त इंटरनेटबद्दल राहिलं असतं. पण संस्थेसाठी अहवाल लिहिताना मी जुन्या नोंदी काढल्या. यंत्र दर मिनिटाला सिग्नलचा आकडा लिहून ठेवतं. चाळता चाळता ऑक्टोबर आला, अमावास्येनंतरचा दुसरा दिवस. ओहोटीचा तळ सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. तू रात्रपाळीवरून उतरून फोन केला होतास, आपल्याकडे नऊ वाजले होते. तू म्हणालास की तू आता परत येणार नाहीस, होडी विकून टाका. आणि फोन बंद झाला. तुला वाटलं बाबांनी आपटला. बाबांना वाटलं तू आपटलास. मलाही तसंच वाटलं, म्हणून इतके महिने मी तुझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. त्याबद्दल माफ कर. नऊ वाजून चार मिनिटांनी रेषा कड्यावरून पडावी तशी पडली आहे. तो कागद सोबत ठेवला आहे. फोन कोणीच आपटला नव्हता, वेंडल. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. तुझं बोलणं झाल्यावर बाबा खिडकीतून होडीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ठीक आहे. मग मीच येतो तिकडे. तू कुठे राहतोस ते बघायचंय मला." हे ते मेलेल्या फोनमध्ये बोलले. तुझ्याकडून उत्तर आलं नाही, एवढंच त्यांना कळलं.

परवा हा कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, ती रेषा बोटाने वरून खाली आणि परत वर गिरवली, आणि विचारलं, "तिकडे आत्ता किती वाजले असतील?" मी म्हटलं, लावा फोन. म्हणाले, "नको. माझा नंबर बघून तो उचलायचा नाही. तू लिही." मी म्हटलं, तुमच्याबद्दल लिहायला मला बंदी आहे. त्यावर ते उठले, सोबतची डल्सची पुडी स्वतः बांधली आणि म्हणाले, "मग इंटरनेटबद्दल लिही. पोरगा हुशार आहे, कळेल त्याला." पुढच्या उधाणात, सतरा तारखेच्या रविवारी, ओहोटीचा तळ सात वाजून दहा मिनिटांनी आहे. पावणेनऊपर्यंत ते घरी असतील, हात धुऊन, फोनजवळ. आपल्याकडच्या आठ पंचावन्नला, नेमका ओहोटीनंतर पावणेदोन तासांनी, फोन कर. आता लाइन जात नाही.

पडद्यावरच्या नव्या रेषेइतकीच सरळ, तुझीच
रोएना