खोलून ठेवलेला कॉम्प्युटर

अहो,

काल श्रीगोंद्याचे वैजनाथराव आपल्या स्टुडिओत आले, तेव्हा मी चहा घेऊन दारातच उभी होते. "एकेक पार्ट निवडून हा कॉम्प्युटर मीच जोडलाय," असं छाती फुगवून सांगत होतात तुम्ही. वर आणि "उद्या चारला या, तुमच्यासमोर खोलून परत जोडून दाखवतो!" माझं नावसुद्धा तोंडातून निघालं नाही.

लग्नांचे व्हिडिओ जुन्यावर अडकतात म्हणून नवा जोडू, हे सुचलं मला. कुठल्या मदरबोर्डवर कुठला प्रोसेसर बसतो ते बघत महिनाभर डोळे फोडून घेतले मी. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये मावेल का, ते पट्टीनं मोजलं मी. तुम्ही फक्त मोबाईलचा टॉर्च धरला, तोही निम्मा वेळ भिंतीवर.

म्हणून खोलायचं काम सकाळीच उरकून ठेवलंय. मोडलेलं काही नाही. पार्ट ज्याच्या त्याच्या खोक्यात आहेत, स्क्रू स्टीलच्या वाटीत. मी माहेरी तिसगावला चालले.

चारला वैजनाथराव येतील. त्यांना बसवा आणि जोडून दाखवा. टॉर्च त्यांनाच धरायला सांगा.

पंकजा