खिडकीतून काय दिसलं

सर, तुम्ही जाऊन सहा वर्षं होतील, आणि मी अजूनही कुठल्याही घरात शिरले की आधी खिडकीशी जाते. काल महापेला एका गाळ्याचं मूल्यांकन होतं, तिथंही पाय तसेच वळले. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं घोळतंय मनात. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर माझी बोलती बंद असायची, म्हणून लिहितेय.

शिरवण्याच्या तुमच्या घराचा तळमजला म्हणजे आपलं ऑफिस. व्हरांड्यात काकू सुकट निवडत बसलेल्या, आत तुम्ही आणि तीन कपाटं भरून फायली. सिव्हिलची डिग्री घेऊन मी आले तेव्हा वाटलं होतं, चौरस फूट गुणिले दर, त्यात शिकायचं काय? तुम्ही पहिल्याच दिवशी हातात टोक तुटलेली टेप दिलीत. "दहापासून धर आनि मंग दहा वजा कर. टोकाचा भरवसा नाय." त्या आठवड्यात दहा सेंटिमीटर वजा करायला मी तीनदा विसरले आणि लोकांच्या खोल्या चार-चार इंच वाढवून ठेवल्या. काकू सुकटातून मान वर करून म्हणाल्या, "बिल्डर लोक तं तुला डोक्यावर घेऊन नाचतील गो."

तुम्ही रागावलात ते खारघरच्या कामावर. एकाच इमारतीत दोन फ्लॅट होते, एक नवव्या मजल्यावर, दुसरा बरोबर त्याच्याखाली दुसऱ्यावर. नववा मी नीट मोजला. दुसऱ्याला कुलूप होतं, घरच्या बाई काही येईनात, ऊन मी म्हणत होतं, पोटात कावळे ओरडत होते. नकाशा तर एकच, म्हणून नवव्याचीच मापं दुसऱ्याला लिहिली आणि परत आले. तुम्ही रिपोर्ट वाचलात, चष्मा काढलात आणि एवढंच विचारलंत, "दुसऱ्या माल्यावरच्या सैपाकघराच्या खिडकीतनं काय दिसलं?" मी म्हटलं, "डोंगर दिसतो, सर." तुम्ही स्कूटर काढलीत. मी मागे बसले आणि आपण पुन्हा खारघरला गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावलेला होता. खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या बहुमजली पार्किंगची भिंत. तिथंच, त्या घरच्या बाईंसमोर तुम्ही म्हणालात, "रिपोर्टाच्या शेवटी आपून काय लिवतो? जागा मी सोता पायली. तू पायली नाय तं तुझी सही म्हंजे नुसती शाई." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण शिरवण्याला पोचल्यावर तुम्हीच काकूंना हाक मारलीत, "हिला आधी जेवाला वाढ, सकालपासून उपाशी हाय." माझ्या ताटात तुम्ही बोंबलाचा तुकडा वाढलात तो मला आजही आठवतो. त्या दिवसापासून प्रत्येक कामावरून आल्यावर तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असे, खिडकीतून काय दिसलं.

मग नवे नियम आले. पूर्वी तुमच्यासारख्यांचं नाव सरकारी यादीत असलं की भागायचं. आता मूल्यांकनकार व्हायचं तर डिग्रीनंतर पाच वर्षांचा अनुभव हवा, संस्थेचं सभासदत्व हवं, पन्नास तासांचा वर्ग हवा, आणि त्यानंतर कॉम्प्युटरवरची परीक्षा, तीही चुकलेल्या उत्तराचे गुण कापणारी. मी मुलगी मांडीवर झोपवून जमिनीच्या कायद्याची पानं पाठ करत होते. नवऱ्याची कंपनी नुकतीच बंद पडली होती, एका बँकेचं मूल्यांकनकारांचं नवं पॅनेल होणार होतं, आणि त्यात नाव लागलं तर आमचं घर उभं राहणार होतं. माझ्या लेखी सगळं त्या परवान्यावर येऊन थांबलं होतं. अनुभवाचं सर्टिफिकेट मागायला मी तुमच्याकडे आले. तुमच्याकडे लागून पाच वर्षं झाली होती. तुम्ही जुनी डायरी काढून बोटाच्या पेरांवर मोजलंत आणि लिहून दिलंत, चार वर्षं सात महिने.

ते पाच महिने मी गरोदर होते, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. पण झोपूनही मी मांडीवर लॅपटॉप घेऊन तुमचे रिपोर्ट टाइप करतच होते ना? तुम्ही पाहून यायचात, फोनवर सांगायचात, मी लिहायचे. हे सगळं मी तुम्हाला ऐकवलं, आवाज चढवून ऐकवलं. तुम्ही खाली बघत म्हणालात, "टाइप करनं म्हंजे बगनं नाय, पोरी. पाच म्हयने थांब. मी हाय ना." काकू आतून म्हणाल्या, "द्या ना वो लिवून, पोर कदरलीय." तुम्ही नाही दिलंत. मी चहा न पिता उठले आणि रस्ताभर तुम्हाला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. बाळंतपणाचे दिवस कापून घेणारा माणूस कसला, असंही म्हटलं. तो राग खोटा नव्हता, सर. आजही तो सगळा खोटा वाटत नाही.

पाच महिने मी थांबले नाही. महापेच्या एका आर्किटेक्टची ओळख होती, तीही तुमच्याच कामातून. त्यांच्या ऑफिसच्या गाळ्याचा रिपोर्ट तुम्ही केला होता, आणि तो टाइप करताना नकाशासाठी मी त्यांना दोन-तीनदा फोन केला होता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी लेटरहेडवर लिहून दिलं, आमच्याकडे पाच महिने काम केलं, काम उत्तम. कागद घेऊन स्वतः खाली गेटपाशी आले. "वर कशाला येताय मॅडम, टेन्शन नका घेऊ, एवढं चालतं." तो कागद मी तुमच्या कागदाला पिन मारून जोडला. बेरीज बरोबर पाच झाली.

मी पास झाले. पेढे घेऊन शिरवण्याला आले तेव्हा तुम्ही व्हरांड्यात बसला होतात, पायांना सूज होती. काकूंनी माझी दृष्ट काढली. तुम्ही पेढा अर्धा मोडून तोंडात टाकलात, बराच वेळ चघळलात, मग म्हणालात, "महापेला होतीस म्हने मधी. तो आर्किटेक भेटलेला बँकेत, सांगत होता." मी पेढ्याच्या बॉक्सचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. आणि तुम्ही नेहमीच्याच आवाजात विचारलंत, "त्याच्या हापिसाच्या खिडकीतनं काय दिसतं गो?"

मी म्हटलं, "रस्ता."

तुम्ही मान डोलावलीत. मग काकूंना आतून टेप आणायला सांगितलीत, ती टोक तुटलेली, आणि माझ्या हातात ठेवलीत. "माजं आता फिरनं होत नाय. तुज्याकडं ठेव." मी वाकून नमस्कार केला. घरी जाताना माझं मन हलकं झालं होतं. मला वाटलं, सुटले. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. दहाव्यानंतर काकूंनी तिन्ही कपाटांतल्या फायली टेम्पोत घालून माझ्या ऑफिसला पाठवून दिल्या.

काल बँकेनं पाठवलेला गाळा तोच होता, सर. आर्किटेक्टनी तो विकलाय, घेणाऱ्याला कर्ज हवंय. इमारतीचं नाव वाचूनच ओळखलं, तरी गेले. तिसरा मजला, पॅसेजच्या टोकाला. नव्या मालकानं शटर वर केलं, दिवे लावले, आणि माझे पाय सवयीनं खिडकीकडे वळले. वळून थांबले. चारही बाजूंना भिंती. टेप दहापासून धरून मी सगळं मोजलं, दहा वजा केले, फोटो काढले. मालकाला विचारलं, खिडकी तुम्ही बुजवलीत का? तो म्हणाला, "नाय मॅडम, पयल्यापासून असंच हाय."

ऑफिसला येऊन तुमच्या फायलींतून या गाळ्याचा जुना रिपोर्ट काढला. उजेड आणि हवा या रकान्यासमोर लिहिलंय, खिडकी नाही, दिवसाही दिवे लावावे लागतात. खाली तुमची सही. आणि टाइप मीच केलंय, त्याच पाच महिन्यांत. माझ्याच बोटांनी लिहिलेली ओळ मला आठवली नाही, कारण मी ती जागा पाहिली नव्हती. तुम्ही मात्र तिथं उभे राहून पाहिली होतीत. म्हणजे व्हरांड्यात प्रश्न विचारलात तेव्हा उत्तर तुम्हाला ठाऊक होतं. मी "रस्ता" म्हटलं, आणि तरी तुम्ही टेप दिलीत. का दिलीत, सर? माफ केलंत म्हणून, की जन्मभर हातात राहावी म्हणून? रात्री जेवताना रडू आलं. मुलीनं विचारलं, तर मिरची लागली म्हटलं.

रिपोर्ट तयार आहे. शेवटी नेहमीचं वाक्य आहे, जागा मी स्वतः पाहिली असून तिच्याशी माझा कसलाही संबंध नाही. पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्यावर सही होईना. सकाळी मी काम परत पाठवलं आणि बँकेला कळवलं, तब्येत बरी नाही. तब्येतीला काहीही झालेलं नाही. बँकेला जे सांगता आलं नाही ते इथं लिहिलंय, आणि हा कागद मी तुमच्या त्या जुन्या रिपोर्टाच्या मागे लावून कपाटात ठेवणार आहे.

त्या ऑफिसात मी काल पहिल्यांदा गेले, सर.