निमिषचे शेवटचे आठ दिवस

दूधविनायक, वाराणसी
१४ मार्च १९९६

प्रभावतीकाकूंना,
शरदिनीचा नमस्कार.

काल संकठादेवीच्या देवळात तुम्ही माझे हात डोळ्यांना लावलेत. म्हणालात, "ह्यांनी मला अस्पतालात येऊ दिलं नाही, पण माझ्या निमिषचा हात तू शेवटपर्यंत धरलास." मी गप्प राहिले.

काकू, एड्स म्हटल्यावर वॉर्डात त्याला कोणी शिवत नव्हतं. आम्हा नर्सांत मी एकटीच शिवत होते, हे खरं. पण एकदा रक्त काढताना त्याचीच सुई माझ्या बोटात घुसली.

"ताई, लागली का?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हटलं. त्या दिवसापासून मात्र मीही दारातूनच बोलू लागले. आठव्या दिवशी त्यानं हात पुढे केला. मी जवळ गेले नाही. तो तसाच गेला.

तीन महिने वाट पाहून केलेल्या एचआयव्ही तपासणीचा रिपोर्ट आज आला. मला काही झालेलं नाही. घरात सगळे हसले, मला हसता आलं नाही. डोळे मिटले की तो दिसतो, दाराकडे बघत असलेला.

हे तुम्हाला कळलं, तर तुमचा उरलासुरला आधारही जाईल. म्हणून पत्र माझ्याकडेच ठेवते, आणि उद्याही देवळात तुमच्यासमोर गप्प राहीन.

शरदिनी