मागे केलेला हात

६ मे

आज जुनी आठवण आली. लेक तेव्हा चार वर्षांची होती. तळ्याकाठी ट्रेलर उभा होता — गाडीमागे ओढायचं आमचं इवलंसं घर. हे चाकापाशी उकिडवे बसलेले, कोपरापर्यंत ग्रीस. न बघताच हात मागे केला. मी तळव्यावर नट अडकवायची पिन ठेवली. "थँक्यू, सिस्टर!" म्हणाले, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या ऐटीत. लेक खदाखदा हसली. तेव्हापासून नट यांचा, पिन माझी.

७ मे

मी अंथरुणाला खिळलेली. खिडकीतून पाहत होते. यांनी ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगं धुतली, पुसली, तळव्यावर घोळवून ग्रीस भरलं. चाक फिरवत नट आवळला, मग जरासा सैल केला. आणि हात मागे! क्षणभर तसाच राहिला. मग पुढे गेला.

मला रडूच आलं. वेडी मी — नुसती रडत बसले.

८ मे

लेक, जावई, नात जेवून निघाले. ट्रेलर घेऊन.

तासाभराने

रुमाल शोधताना उशाजवळच्या खणात डबी हाताला लागली. आत नव्या पिना. दोन्ही!

"अहो, चाकांना पिना घातल्यात ना?"

"म्हणजे काय! तूच तर दिल्यास."

पिन नसली की नट फिरत फिरत निघतो, मागोमाग चाक. यांनीच शिकवलंय. लेक फोन उचलत नाही. गाडीत असताना उचलायचा नाही — तेही यांनीच शिकवलंय! मला पाय खाली टाकता येत नाही. शाळेतल्या सगळ्या प्रार्थना म्हणून झाल्या.

संध्याकाळ

लेकीचा फोन आला! पेट्रोल पंपावर नातीने चाकाच्या मध्याजवळ उलटा हात नेला — चाक तापलंय का बघायची आजोबांची सवय. "आई, तवा तापलाय गं!" चाक हलवलं तर डुगडुगलं. मेकॅनिक म्हणाला, "पिन कुठंय, ताई? नट शेवटच्या आट्यावर आलाय."

"काय म्हणतेय?" यांनी विचारलं.

"चाकं छान पळतायत म्हणे."

"पळणारच! कुणी बसवलीत?"

११ मे

ट्रेलर लेकीला. पाने आणि ग्रीसचा डबा जावयाला. डबी नातीला — पिन दर वेळी नवी, जुनी सरळ करून घालायची नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी नसेन. डॉक्टर बोललेत, यांना सांगितलेलं नाही. यांना लेकीनेच ट्रेलरबरोबर घेऊन जावं. आणि यांचा हात मागे आला, तर रिकामा जाऊ देऊ नका.