हुबाऱ्याच्या पायातला टॅग

इंटरनॅशनल सिटी, दुबई
५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या हंगामात या हातांनी केलेलं: शिकारी ससाण्यांचे डोळे झाकायचे चामडी टोप नऊ, दुमडती अँटेना एक, शेपटीच्या पिसाला लावायचे ट्रान्समीटर एकतीस, प्रत्येकी सव्वापाच ग्रॅम. सहा ग्रॅमचा चालत नाही, पक्षी कलतो. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. मी तीन ससाणे कलताना पाहून शिकलो.

वाळवंटात भरकटलेला ससाणा या ट्रान्समीटरनेच सापडतो. आता ससाण्यांच्या मालकाला तोच ट्रान्समीटर हुबाऱ्याच्या पायात हवाय. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा भाऊबंद. फार्मवर वाढवून राखीव रानात शिकारीसाठी सोडतात. मोबाइलवर बघायचं, गाडी थेट न्यायची, ससाणा सोडायचा, खलास. दुकानाचं बारा आणे काम या मालकाचंच. अजून उत्तर दिलेलं नाही. थकलोय ग.

तुझा,
भानुदास


विटा
१९ ऑक्टोबर

चि. भानूस अनेक आशीर्वाद.

फोनवर ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते. ससाण्याला यंत्र चालतं आणि हुबाऱ्याला नाही, हे कसलं सोवळं? मरणारा मरतोच. रविवारी कोंबडी आणतोस, तिला पळायला वाव देतोस का? तू नाही केलंस तर दुसरा करील, तेही सहा ग्रॅमचं. दुकान गेलं तर बावन्नाव्या वर्षी इथे येऊन काय मिक्सर दुरुस्त करणार? हो म्हणून टाक बाबा.

जेवण वेळेवर घे. रागावलास तरी पत्र पाठव.

ताई


दुबई
२ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोंबडीचं तुझं खरं आहे. पण ती खाऊन मी शिकार केली म्हणत नाही.

परवा मालकाचे ससाणे सांभाळणाऱ्या अक्रमबरोबर रानात गेलो. ससाणा दोनदा फिरून रिकामा आला. तो अक्रमच्या हातावर बसल्यावर वीस पावलांवरच्या दगडांतून एक हुबारा उठला आणि चालू लागला. इतका वेळ तिथेच होता. अक्रम आधी चिडला, मग हसतच सुटला. म्हणाला, या चकव्यासाठीच तर आजोबांच्या वेळेपासून लोक शिकारीला येतात. पण भाई, ते दिवस गेले, तू यल्ला, चल, सही कर.

ताई, लपणं एवढंच त्या पक्ष्याच्या हातात आहे. ते मी काढून घ्यायचं?

डिसेंबरअखेर दुकान सोडतोय. मिक्सर दुरुस्त करीन, नीट करीन. रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भानू

ता. क. दाजींना सांगू नकोस. तुला मात्र नक्की ठाऊक असावं: दोन हंगाम, चारशे टॅग, एक लाख ऐंशी हजार दिरहम. दिरहमला चोवीस रुपये धरले तर त्रेचाळीस लाख वीस हजार रुपये. नाही म्हणालो.