गृहपाठ शंभर टक्के

४ ऑगस्ट
आजपासून डोळस वापर. तंत्रज्ञानामागे आंधळं धावायचं नाही, मुलं शिकतात का ते पाहायचं. आमच्या भागातल्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत याच विषयावर बोलायला मला विचारलंय. त्याआधी केंद्रप्रमुख मॅडम वर्ग बघून जाणार, मगच नाव पक्कं. म्हणून पाचवीचा गृहपाठ वहीत बंद, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालू.

६ ऑगस्ट
रिस्पॉन्स शंभर टक्के. वहीत कधी निम्मा नव्हता. फोटोतलं मुलांचं अक्षरही एकदम पोक्त झालंय. शाळेतल्या माझ्या सहकारी रेश्मा मॅडम म्हणाल्या, फोन तर सकाळच्या जीपने पोरांच्या बापाबरोबर कल्याणला कामाला जातो. मॅडमना नवीन काही पचत नाही.

११ ऑगस्ट, दुपारी
अर्धा अधिक पाव. सगळ्यांचं उत्तर दोन षष्ठांश. चूक आहे, पण सगळ्यांची एकच चूक, म्हणजे विचार करायची पद्धत पक्की बसली. भूमिकाचं उत्तर तास चालू असताना आलं. ती समोरच बसली होती, हाताची घडी घालून. आपल्याकडे नेटवर्क फार उशिरा पोचवतं. समजावून सांगणारा व्हिडिओ टाकला.

१२ ऑगस्ट
सगळ्यांचं बरोबर. भूमिकाने खाली लिहिलंय, आमच्या टायमाला असं कोनी शिकवलं नाय. दहा वर्षांच्या पोरीच्या मानाने जाण मोठी. भाषणाची सुरुवात याच वाक्याने करावी.

१८ ऑगस्ट
केंद्रप्रमुख मॅडम येऊन गेल्या. मी फोनवर टक्केवारी दाखवली. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि भूमिकाला फळ्यावर अर्धा अधिक पाव करायला सांगितलं. तिने अर्धा लिहिला आणि खडू परत ठेवला. मग म्हणाली, ह्ये माझे बाबा करतात, माला नाय येत. बाकीचेही आपापल्या बापाची नावं सांगू लागले. तिचे डोळे भरून आले. मला लाज वाटली. नेटवर्कचा विषय काढला नाही.

१९ ऑगस्ट
परिषदेत रेश्मा मॅडम बोलणार. माझ्याकडे माइकची जबाबदारी. तांत्रिक बाजू कुणीतरी सांभाळायलाच हवी. गृहपाठ पुन्हा वहीत. शाळा सुटल्यावर भूमिकाला घेऊन बसलो. पाव म्हणजे काय, इथपासून सुरुवात आहे.

संध्याकाळी तिच्या बापाचा, गणूचा, फोन. म्हणाला, सर, आज अभ्यास नाय टाकला, आमी समदे जीपमदी वाट बघून ऱ्हायलो.

भागाकार पाठवला. माझा एक तरी वर्ग पुढे जायला हवा.