साकाइसुजीच्या कोपऱ्यावर, चार वाजता

प्रिय मिनोरी,

‘प्रिय’ खोडणार होतो, पण खाडाखोड केलेला कागद कुणाला द्यायचा नसतो हे गेल्या तीन दिवसांत माझ्या चांगलंच अंगवळणी पडलंय. मालक कुसुनोकि-सानना माफीनामा हवा होता. हाताने लिहिलेला, काळ्या शाईत, एकही अक्षर न चुकता. तीनदा लिहिला, तीनदा फाडला. दर वेळी ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ इथपर्यंत आलो की संतापाने पेनाचं टोक कागदात घुसायचं.

मंगळवारी नेमकं काय झालं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण त्यानंतर तू माझ्याकडे एकदाही नीट पाहिलेलं नाहीस. तुझा निरोप आला होता, ‘चार वाजता, साकाइसुजी, पुलाच्या कोपऱ्यावर.’ मी पावणेचारलाच तिथे जाऊन थांबलो. गाडी गार करून ठेवली, पाण्याच्या बाटल्या पुसून ठेवल्या. चार वाजून पाच मिनिटांनी तुझा फोन, “कुठे आहेस तू?” म्हटलं, “तू सांगितलंस तिथे.” तर म्हणतेस, “अरे, मी मिदोसुजीवर उभीये!” हा रस्ता उत्तरेला जातो, तो दक्षिणेला. दोन्ही एकेरी. नागाहोरीच्या रस्त्याने वळसा घालून येईपर्यंत बावीस मिनिटं गेली. ऑगस्टच्या उन्हात पेरूहून आलेली ती म्हातारी पाहुणी, दोन्या एल्विरा, गुडघा धरून फुटपाथच्या कठड्यावर बसली होती आणि तिच्यासोबतचे म्हातारे आन्सेल्मो तिला नकाशाने वारा घालत होते.

मी दार उघडून उतरलो. तू म्हणालीस, “आमच्या ड्रायव्हरची चूक झाली,” आणि कमरेत वाकलीस. इथवर मी समजू शकतो. पाहुण्यांसमोर गाइड चुकत नाही, ड्रायव्हर चुकतो, ही या धंद्याची रीतच आहे. पण मग तू माझ्या मानेवर हात ठेवलास आणि डोकं खाली दाबलंस. शाळेत काच फोडलेल्या पोराचं डोकं आई दाबते ना, तसं. सात महिने आपण एका गाडीत पुढे शेजारी शेजारी बसतोय, मिनोरी. सात महिन्यांत तू मला पहिल्यांदा हात लावलास, तो असा.

म्हातारीच तेवढी माणसासारखी वागली. “अगं मुली, पुरे की, कंबर धरेल त्याची,” म्हणाली. आणि गाडीत बसल्यावर विचारलंन, “हा एवढा गप्प का गं? चिडलाय का?” तू हसून स्पॅनिशमध्येच सांगितलंस, “त्याला काही कळत नाही आपलं. तुम्ही खुशाल बोला.” काही कळत नाही! दोन वर्षं कॉलेजात तुझ्या मागच्या बाकावर बसून मी तीच भाषा शिकलो. तुला क्रियापदांची रूपं पाठ होत नव्हती, तेव्हा घरी जाताना ट्रामच्या थांब्यावर तुझ्याकडून घोकून कोण घेत होतं? आरशात तुझा चेहरा दिसत होता. तुला आठवत होतं. आठवत असूनही बोललीस.

कॉलेज मी का सोडलं हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. न केलेल्या कॉपीबद्दल प्राध्यापकांनी माफी मागायला सांगितली. मी पेपर त्यांच्या टेबलावर आपटून निघालो, आणि तू स्टेशनापर्यंत धावत आलीस. “शुंपेइ, नुसती मान वाकव रे, काय जातंय तुझं?” तेव्हा नाही वाकवली. घरी आई महिनाभर बोलली नाही. पुढे गाडीचा परवाना काढला, आणि तू गाइड झालीस त्याच कंपनीत चिकटलो. योगायोगाने नाही, हेही आता सांगून टाकतो. आपले जुने ड्रायव्हर हामाजिमाकाका रोज गाडी धुताना टोमणा मारतात, “काय रे, ड्रायव्हरचे पांढरे हातमोजे घालून कुणी प्रेम करतं का?” मी हसण्यावारी नेतो.

काल काकांना तुझा निरोप दाखवला. ते म्हणाले, “हा मालकाला दाखव, सुटशील. मात्र पोरगी जाईल. मार्चपर्यंत तिची नोकरी कच्ची आहे, एक तक्रार आली की खलास.” मी म्हटलं, जाऊ दे. खरंच म्हटलं. इतका रागावलो होतो.

आज सकाळी माफीनामा चौथ्यांदा लिहिला आणि देऊन आलो. एक अक्षर चुकलं नाही. ‘ठिकाण मी चुकीचं ऐकलं,’ असं लिहिलंय. कुसुनोकि-सान म्हणाले, “शाब्बास! अर्धा पदवीधर आज पुरा माणूस झाला. उद्यापासून ती गाडी सोड, विमानतळाची बस घे.” मी आपल्या गाडीची चावी त्यांच्या टेबलावर ठेवली. या वेळी आपटली नाही. बाहेर येऊन तुझा निरोपही फोनमधून पुसला; तुझ्याकडचा तू पुसलाच असशील. आता तू साकाइसुजी म्हणाली होतीस हे जगात कुठेच लिहिलेलं नाही, या कागदाखेरीज. आणि हा मी तुझ्याकडेच पाठवतोय. जाळ नाहीतर ठेव. तुझ्यावर उपकार केले असं मुळीच समजू नकोस, राग माझा अजून उतरलेला नाही. एवढंच सांगायला लिहिलं, की मान दाबायची गरज नव्हती. नुसतं एकदा माझ्याकडे बघितलं असतंस, तर मी आपणहून जमिनीपर्यंत वाकलो असतो.

तुझाच, इलाज नाही म्हणून,
शुंपेइ